लाळेंत प्रतिपिंडें कशीं येतात?

आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस, घोड नदीच्या खोऱ्यांतील एका वाडीवर, लसीकरणाच्या दिवशीं मी एकदां बसलों होतों. शाळेच्या ओट्यावर परिचारिकेनें आपली बर्फाची पेटी उघडून ठेविली होती. एका आजीबाईंच्या मांडीवर त्यांचा साडेतीन महिन्यांचा नातू होता. परिचारिकेनें त्याला प्रथम पोलिओचे दोन थेंब पाजले आणि मग सुया टोंचल्या. त्यांतील एक सुईही पोलिओचीच होती. मूल रडूं लागलें तशा आजीबाई म्हणाल्या, "अहो बाई, एकाच रोगावर थेंबही आणि सुईही? दोहोंतलें एक पुरत नाहीं का पोराला?" परिचारिका घाईंत होती. "आजी, दोन्ही लागतात. आणि नऊ महिने झाले कीं गोवराच्या सुईला घेऊन या," एवढें बोलून ती पुढल्या मुलाकडे वळली. आजीबाई उठतां उठतां पुटपुटल्या, "गोवराचेही थेंबच काढा म्हणावें कुणीतरी."

श्रोते हो, हे दोन्ही प्रश्न अडाणीपणाचे मुळींच नव्हते. रोगप्रतिकाराच्या शास्त्रांत ज्यांनीं आयुष्यें घालविलीं त्या पंडितांनींही हेच प्रश्न निराळ्या शब्दांत स्वतःला विचारले आहेत. त्यांचें उत्तर मात्र अशा ठिकाणीं सांपडतें कीं, तेथें शोधावें असें आपल्या मनांतही येणार नाहीं. तें सांपडतें आपल्या लाळेंत.

लाळ ह्या शब्दाला आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. लाळ घोटणारा मनुष्य कोणालाच आवडत नाहीं, आणि उष्टें-खरकटें यांचा विटाळ तर घरोघरीं मानला जातो. अन्न भिजविणें व गिळावयास मदत करणें एवढेंच तिचें काम, असा आपला सामान्य समज असतो. पण ज्या दारानें अन्न, पाणी व धूळ यांच्याबरोबर असंख्य जंतू दिवसभर आंत शिरतात, त्या दाराशीं शरीरानें कांहीं बंदोबस्त ठेविला नसता तरच नवल. तो बंदोबस्त लाळेंत आहे. दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडांत येते, आणि तिच्याबरोबर प्रतिपिंडेंही येतात. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट जंतूला किंवा विषाला ओळखून त्यास चिकटणारा प्रथिनाचा रेणू, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच.

आतां कोणीही म्हणेल कीं, रक्तांत प्रतिपिंडें आहेत, लाळ रक्तांतील पाण्यापासूनच बनते, तेव्हां त्यांतलीं थोडीं पाझरून लाळेंत उतरलीं तर त्यांत आश्चर्य कसलें? पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञांचीही समजूत अशीच होती. परंतु एक गोष्ट ह्या समजुतींत बसेना. प्रतिपिंडांचे जे निरनिराळे वर्ग आहेत त्यांपैकीं आय-जी-जी हा वर्ग रक्तांत सर्वांत अधिक. आय-जी-ए त्याच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाएवढेंच. लाळेंत मात्र हा क्रम उलटा. तेथें आय-जी-ए सर्वांत पुढें आणि आय-जी-जी नांवापुरतें. ताकाच्या गाडग्यांतून पाझरलेल्या थेंबांना ताकाचीच चव यावयाची. चव निराळी आली तर तें पाझरणें नव्हे, कोणीतरी निवड करून आणून ठेवीत आहे, हें उघड आहे. अमेरिकेंत टॉमस टोमासी व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ ते १९६५ या काळांत हा निराळेपणा स्पष्टपणें दाखवून दिला. शिवाय त्यांना असें दिसलें कीं, रक्तांतील आय-जी-ए बहुतांशीं एकेकटें असतें, तर लाळेंतील जोडीजोडीनें असतें, आणि ह्या जोडीला रक्तांत न आढळणारा प्रथिनाचा एक जादा तुकडा चिकटलेला असतो. हा तुकडा कोठून आला? या एका तुकड्याच्या शोधांतून पुढची सारी हकीकत उलगडली.

ती समजण्यास लालाग्रंथीची रचना थोडी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. कानाच्या पुढें व खालीं एक मोठी जोडी आहे. गालगुंड झालें म्हणजे जी सुजते तीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आंतल्या अंगास, तिसरी जिभेखालीं. आणि ओंठ, गाल व टाळू यांच्या अस्तरांत शेंकडों बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखालीं मोठी ग्रंथी पाहिली तर नारायणगांवकडील मळ्यांतल्या द्राक्षाच्या घडाची आठवण होते. मणी म्हणजे लाळ तयार करणाऱ्या पेशींचे गोळे. देंठ म्हणजे लाळ तोंडाकडे नेणाऱ्या नळ्या. प्रत्येक मणी आंतून पोकळ, आणि त्याच्या भिंतींतील पेशी एकमेकींस इतक्या घट्ट शिवलेल्या कीं, दोन पेशींच्या मधून प्रतिपिंडासारखा मोठा रेणू सहसा जाऊं शकत नाहीं. मण्यांच्या व नळ्यांच्या बाहेरच्या मऊ जागेंत दुसऱ्याच जातीच्या पेशी वस्तीला येऊन राहिलेल्या असतात. आय-जी-ए तयार करणें हें त्यांचें काम. त्या आय-जी-एचे दोन रेणू एका लहानशा दुव्यानें जोडून ती जोडी बाहेर सोडतात. ह्या दुव्याला शास्त्रज्ञ 'जे-साखळी' म्हणतात. म्हणजे माल रक्तांतून येत नाहीं. तो ग्रंथीच्या अंगणांतच तयार होतो. पण अंगणांतून घरांत जावयाचें कसें? भिंत तर अखंड आहे.

येथें मला नाणेघाटाची आठवण होते. जुन्नरच्या श्रोत्यांना तो सांगावयास नको. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सह्याद्रीचा कडा कोंकण आणि देश यांच्यामध्यें भिंतीसारखा उभा आहे. त्याला बगल देऊन जातां येत नाहीं. जावयाचें तर त्याच्या अंगांतूनच. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल ह्या घाटानें वर चढून जुन्नरला येई. घाटमाथ्याशीं आजही एक मोठा दगडी रांजण आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत टाकीत असत अशी परंपरा आहे.

ग्रंथीच्या पेशींतूनही असाच एक घाट जातो. पेशीच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे अंगणाकडील बाजूस, एक वाहक रेणू उभा असतो. त्याचें शास्त्रीय नांव लांबलचक आहे: पॉलिमेरिक इम्युनोग्लोब्युलिन रिसेप्टर. आपण त्याला नुसता वाहक म्हणूं. त्याचें एक टोंक पेशीच्या आंत, मधला भाग पेशीच्या कातडींत रुतलेला, आणि हात बाहेर. हे हात कोणताही माल उचलीत नाहींत. जे-साखळीनें जोडलेली जोडीच तेवढी त्यांना ओळखतां येतें. एकटें आय-जी-ए किंवा आय-जी-जी समोरून गेलें तरी ते ढुंकूनही पाहत नाहींत. लाळेंत क्रम उलटा कां होतो, याचें कारण हेंच. जोडी हातीं लागली कीं पेशीची कातडी तेवढ्या ठिकाणीं आंत वळते आणि एक बारीक पिशवी तयार होऊन वाहकासह माल पेशींत शिरतो. पेशींत शिरलेल्या पुष्कळशा पिशव्यांची वाट पचनाच्या भट्टीकडे जाते. ह्या पिशव्या मात्र त्या वाटेला न लागतां, एका थांब्याहून दुसऱ्या थांब्यावर जात, पेशीच्या दुसऱ्या कडेला, पोकळीच्या तोंडाशीं येऊन उघडतात.

आणि येथें जकात द्यावी लागते. कोणताही हमाल ओझें उतरवून रिकाम्या हातानें माघारीं जाईल; पण ह्या वाहकाला माघारीं जाणें नाहीं. पोकळीच्या तोंडाशीं एक कातरणारें प्रथिन त्याला मधोमध तोडतें. त्याचा बाहेरचा भाग, म्हणजे ज्यानें माल धरला होता तो भाग, मालाला मिठी मारलेल्या स्थितींतच त्याच्याबरोबर लाळेंत जातो. टोमासींना आढळलेला तो जादा तुकडा हाच. त्याला सिक्रीटरी कॉम्पोनंट, म्हणजे 'स्रावी अंश', असें म्हणतात. जोडी, दुवा आणि हा अंश मिळून जें होतें तें लाळेंतील पूर्ण प्रतिपिंड. नाणेघाटाचा दाखला येथें अपुरा पडतो, हें मला मान्य आहे. कोणत्याही घाटावर जकातींत हमालच द्यावा लागत नसे.

हें कोडें एका माणसानें सोडविलेलें नाहीं. नॉर्वेमधील पेर ब्रांड्झेग यांनीं १९७४ च्या सुमारास असें सुचविलें कीं, हा तुकडा नुसता चिकटलेला नसून पेशीच्या अंगावरील ग्राहकाचें काम तोच करीत असावा, आणि जे-साखळी ही त्याची खूण असावी. पण पेशीच्या कातडींत रुतून बसेल असा कोणताच भाग त्या तुकड्याला दिसेना. १९८० सालीं कीथ मोस्टोव्ह, ग्युंटर ब्लोबेल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, पेशी मुळांत बराच लांब रेणू तयार करते, तो कातडींतून आरपार गेलेला असतो, आणि आपण पाहतों तो त्याचा तोडलेला पुढचा भाग होय. १९८४ मध्यें सशाच्या पेशींतील त्या संपूर्ण रेणूची रचनाच त्यांनीं वाचून काढली. तेव्हांपासून ह्या मार्गाबद्दल मूळ शंका राहिली नाहीं.

प्रत्येक खेपेस एक वाहक खर्ची घालणें ही उधळपट्टी नव्हे काय? प्रथमदर्शनीं तसें वाटतें खरें. पेशीला ते सारखे नवे करीत राहावे लागतात. इतके कीं, कांहीं वाहक माल न मिळतांच पलीकडे जातात, तेथें तोडले जातात, आणि त्यांचे रिकामे अंश लाळेंत तरंगत असतात. पण खर्च वायां जात नाहीं. तोंड व आंतडें हीं पाचक रसांचीं व जंतूंचीं ठिकाणें. तेथें साधें प्रतिपिंड लवकरच कुरतडलें जाईल. वाहकाचा हा तुकडा त्याच्या नाजूक सांध्याभोंवतीं गुंडाळून राहतो आणि त्याचें रक्षण करतो. शरीर दररोज जितकें आय-जी-ए तयार करतें तितकीं इतर सर्व वर्गांचीं प्रतिपिंडें मिळूनही तें करीत नाहीं. त्यांतील फार मोठा भाग ह्याच घाटानें बाहेर जातो, कारण आंतड्याच्या अस्तरांतील पेशींतही हाच वाहक आहे. ज्या कांहीं माणसांत जन्मतःच आय-जी-ए नसतें, त्यांच्यांत हाच वाहक आय-जी-एम नांवाचा दुसरा, जे-साखळी असलेला वर्ग उचलून नेतो. म्हणूनच त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर आपल्यांत कांहीं उणें आहे याचा पत्ताही लागत नाहीं.

ह्या पहाऱ्याची रीतही शांत आहे. लाळेंतील प्रतिपिंड जंतूला ठार मारीत नाहीं. तें त्याला चिकटतें, दोनचार जंतूंची मोट बांधतें, आणि गालाला किंवा दांताला बिलगूं न देतां गिळावयास लावतें. दाह नाहीं, सूज नाहीं. जंतूही कांहीं भोळे नाहींत. तोंडांतील व घशांतील कांहीं जातींनीं तर आय-जी-एला नेमकें सांध्यावर कापणारी कात्री तयार केली आहे. न्यूमोनियाचा एक जंतू त्यांपैकींच. आणि मज्जातंतूंचाही ह्या व्यवहारांत हात आहे: चावतांना लाळ वाढते तेव्हां ती पातळ होते खरी, पण प्राण्यांवरील प्रयोगांत ग्रंथीच्या मज्जातंतूंना चेतना दिली असतां ह्या वाहतुकीचा वेग वाढलेला दिसला आहे.

आतां आजीबाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. ग्रंथीच्या अंगणांत वस्ती करणाऱ्या त्या पेशी तेथें जन्मत नाहींत. त्यांचें शिक्षण होतें घशांतल्या गांठींत आणि आंतड्याच्या भिंतींतील पुंजक्यांत. तेथें जंतूशीं गांठ पडली म्हणजे त्या रक्तांत उतरतात आणि प्रवास करीत ग्रंथींत, आंतड्यांत, आईच्या स्तनांत जाऊन स्थिर होतात. अमेरिकेंत यिरी मेस्टेकी व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं कांहीं स्वयंसेवकांना दांत किडविणाऱ्या जंतूचे मारलेले नमुने कुपींत घालून गिळावयास दिले. कुपी पोटांत गेली. प्रतिपिंडें मात्र लाळेंत आणि अश्रूंत वाढलीं, रक्तांत नाहींत. म्हणजे तोंडाचा व आंतड्याचा जमाखर्च एका वहींत आहे, आणि रक्ताचा दुसऱ्या वहींत.

दंडांत टोंचलेली लस बहुतांशीं रक्ताची वही भरते. पोलिओचा विषाणू तोंडानें आंत येतो, घशांत व आंतड्यांत वाढतो, आणि एखाद्याच मुलाच्या बाबतींत रक्तावाटे मज्जारज्जूला गांठतो. रक्तांत प्रतिपिंडें असलीं तर पाय लुळा पडत नाहीं. पण आंतड्यांत तो वाढतच राहतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि शेजारच्या मुलाकडे जातो. तोंडावाटे दिलेले थेंब आंतड्याची वही भरतात आणि त्याचा हा मार्ग पुष्कळसा बंद करतात. मग सुई कशाला? थेंबांतील विषाणू दुबळा असला तरी जिवंत असतो, आणि क्वचित् प्रसंगीं तो पुन्हां उलटूं शकतो. शिवाय २०१६ च्या एप्रिलपासून थेंबांतून पोलिओचा दुसरा प्रकार वगळला आहे. त्यापासून रक्षण सुईच करते. आणखी एक गंमतीची गोष्ट अशी कीं, ज्या मुलांना पूर्वीं थेंब मिळाले आहेत त्यांना सुई दिली असतां आंतड्याचा प्रतिकारही वाढतो, असें वेल्लोर आणि मुरादाबाद येथील मुलांवर झालेल्या अभ्यासांत २०१४ मध्यें दिसून आलें. आपल्या देशांत नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यामागें वाड्यावस्त्यांवर पायपीट करून पाजलेले हे थेंब आहेत.

त्या आजीबाईंच्या घरीं गाय असेल तर चिकाचें महत्त्व मी त्यांना काय सांगणार? व्यालेल्या गाईचा चीक आधीं वासराला, उरला तर खरवसाला, ही शेतकऱ्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. वासरूं जन्मतें तेव्हां त्याच्या रक्तांत आईचीं प्रतिपिंडें जवळजवळ नसतात. पहिल्या कांहीं तासांत पोटांत गेलेल्या चिकांतूनच तीं आंतड्याची भिंत ओलांडून त्याच्या रक्तांत शिरतात, आणि एक दिवस उलटला कीं ती वाट बंद होते. गाईच्या चिकांत मुख्यतः आय-जी-जी असतें. मनुष्याचें निराळें आहे. आपल्या बाळाला आय-जी-जी आईच्या उदरांतच, वारेमधून मिळालेलें असतें. त्याच्याजवळ नसतें तें लाळेंतलें व आंतड्यांतलें आय-जी-ए, कारण तें तयार करणाऱ्या पेशी शिकून यावयास कांहीं आठवडे लागतात. ती उणीव आईचें दूध भरून काढतें. स्तनांतील पेशींतही तोच वाहक, तोच घाट, तीच जकात. (खरवस खाऊन आपल्याला प्रतिपिंडें मिळतील अशी आशा कोणी धरूं नये, वाफेवर शिजवितांना तीं नष्ट होतात. खरवस चवीसाठींच खावा.)

यावरून एक शंका निघाली, आणि ती गंभीर होती. आईच्या दुधांतील प्रतिपिंडें तोंडावाटे दिलेल्या लसीलाच अडवीत असतील तर? अतिसार करणाऱ्या रोटा विषाणूवरील भारतीय लसीची दिल्ली, पुणें आणि वेल्लोर येथें ६,७९९ बालकांवर परीक्षा झाली. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें तिनें तीव्र आजाराचें प्रमाण निम्म्याहून थोडें अधिक कमी केलें. हें प्रमाण आणखी वाढावें म्हणून लसीच्या आगेंमागें थोडा वेळ अंगावर पाजणें थांबवावें काय, हेंही दिल्लीकडे तपासून पाहण्यांत आलें. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. तेव्हां लस द्यावयाची म्हणून मुलाला दुधावांचून ताटकळत ठेवण्याचें कारण नाहीं. माझ्या मतें ही गोष्ट प्रत्येक लसीकरणाच्या ओट्यावर सांगितली पाहिजे.

राहिला गोवराचा प्रश्न. सुईशिवाय गोवराची लस द्यावी हा विचार आजीबाईंच्या आधीं इतरांनाही सुचला होता. गोवर श्वासावाटे येतो, तर लसही श्वासावाटे कां देऊं नये? मेक्सिकोंत १९८८ ते १९९० या काळांत चाळीस लाखांहून अधिक मुलांना लसीचे तुषार हुंगवून देण्यांत आले. पुढें तान्ह्या मुलांत ही रीत कितपत चालते याची कसून परीक्षा झाली ती आपल्या पुणें जिल्ह्यांतल्याच खेड्यांतून, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रांतील डॉक्टर तींत होते. नऊ महिने पूर्ण झालेलीं पण वर्षाच्या आंतलीं २,००४ मुलें निवडलीं. निम्म्यांना नेहमींप्रमाणें सुई, निम्म्यांना तुषार. ९१ व्या दिवशीं रक्त तपासलें. सुईच्या गटांत शेंकडा ९४.७ मुलांच्या रक्तांत पुरेशीं प्रतिपिंडें आढळलीं, तुषारांच्या गटांत शेंकडा ८५.४. हा निकाल २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला.

रक्ताची वही तपासून श्वासाच्या लसीचा निवाडा करणें अन्यायाचें नाहीं का, असें कोणी विचारील. पोलिओच्या बाबतींत तो आक्षेप बरोबर ठरला असता. गोवराची गोष्ट वेगळी आहे. गोवराचा विषाणू नाकातोंडानें शिरला तरी दाराशीं थांबत नाहीं. तो रक्तावाटे अंगभर पसरतो, आणि तेथें त्याला अडविण्याचें मुख्य काम रक्तांतील आय-जी-जीचेंच आहे. शंभरांत नऊ मुलांचा फरक हा गोवरासारख्या झपाट्यानें पसरणाऱ्या रोगाच्या बाबतींत लहान म्हणतां येत नाहीं. म्हणून आंबेगांवच्या वाडीवर काय, जुन्नरच्या पेठेंत काय, गोवराची लस आजही दंडांतच देतात. तीं नऊ मुलें ज्या दिवशीं तुषारांनींही सांभाळतां येतील, त्या दिवशीं परिचारिकेच्या पेटींतील एक सुई कमी होईल. तोंवर आजीबाईंना नातवाला घेऊन नवव्या महिन्यांत पुन्हां ओट्यावर यावें लागेल.